पहिल्या ओळीनंतर उठलेली माणसं

मैथिली मगदूमने लिहिलेली बाळगुटीची बातमी दुपारी एकपर्यंत दोन लाख एकोणचाळीस हजार माणसांनी वाचली, आणि त्या बातमीखाली दिलेल्या मदत क्रमांकावर नऊ फोन आले.

नऊ हा आकडा तिने दोनदा विचारून घेतला. मदत क्रमांकावर बसलेली मुलगी शेवटी वैतागली. "नऊच मॅडम. आणि तेही सगळे सकाळी साडेसहाच्या आतले. त्यानंतर कोणी नाही. मी काय करू, मीच लावू का लोकांना?"

मैथिलीने फोन ठेवला तेव्हा तिच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स येऊन पडला होता. 'दैनिक संगमकाठ'च्या मिरज कचेरीत पेढे क्वचितच यायचे. आणले होते निनादने. तिशीचा, चटपटीत, डिजिटलचा मुख्य. "मॅडम, अठ्ठ्याऐंशी टक्के धर. आपल्या पेपरच्या इतिहासात नाही. गुटीवरची बातमी, आणि लोकं शेवटपर्यंत वाचतायत. घ्या, दोन घ्या. दूध पाजणाऱ्या बाईला दोन चालतात."

तिने एक घेतला आणि तोंडात न घालता हातातच धरून ठेवला.

धर म्हणजे वाचक बातमीला किती वेळ धरून राहिला त्याचं माप. ते माप ठरवायचा 'उंबरा'.

वर्तमानपत्रात बातमीच्या पहिल्या परिच्छेदाला इंट्रो म्हणतात. वाचक बातमीच्या घरात शिरणार की दारावरूनच पुढे जाणार, हे तिथं ठरतं, म्हणून त्या यंत्रणेचं नाव उंबरा. तिची करामत मानवी डोळ्याच्या एका जुन्या खोडीवर उभी होती. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार उड्या. त्या उडीच्या पुरता, सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढा वेळ, मेंदू दिसणंच जवळपास बंद ठेवतो. तसं नसतं तर सगळं जग दिवसभर भेलकांडत राहिलं असतं. आरशासमोर उभं राहून आपल्याच उजव्या डोळ्याकडे पाहावं, मग डाव्याकडे. बुबुळं हललेली शेजारच्याला दिसतात, आपल्याला कधीच दिसत नाहीत. माणूस दिवसातून लाखभर वेळा असा क्षणभर आंधळा होतो आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

उंबरा त्या आंधळ्या क्षणात काम करायचा. फोनचा पुढचा कॅमेरा वाचकाचे डोळे बघत असे. कुठल्या शब्दावर बुबुळ केसभर मोठं झालं, कुठं नजर रेंगाळली, कुठं सुटायला लागली. आणि डोळा उडी मारत असतानाच पुढचे शब्द बदलून टाकत असे. वाचकाला वाटायचं, काय आपल्या मनातलं लिहिलंय. ते खरोखरच त्याच्या मनातलं असायचं. एका बातमीचे दोन लाख इंट्रो व्हायचे आणि कुणाचाच कुणाला ठाऊक नसायचा.

डेस्कवरच्या माणसांनी फक्त बियाणं द्यायचं. पाच नमुन्याचे इंट्रो. उंबरा त्यांची कलमं करायचा. आणि मैथिलीचं बियाणं फार जोमानं उगवतं, असं सगळे म्हणायचे.

बातमी साधी होती आणि वाईट होती. 'मायाळू' नावाची तयार बाळगुटीची लाल पेटी गेलं वर्षभर मेडिकलमध्ये, आठवडी बाजारात, बारशाच्या आहेरात सगळीकडे दिसत होती. प्रयोगशाळेच्या तपासणीत तिच्यातल्या हळकुंडावर शिशाचा पिवळाजर्द रंग चढवलेला सापडला. शिशाची चाल अशी की शरीर त्याला कॅल्शियम समजतं. वाढत्या बाळाची हाडं कॅल्शियमची भुकेली असतात, ती शिशाला बोलावून आत घेतात. मेंदूही दार उघडतो. बाळ रडत नाही, ताप येत नाही, काही दिसत नाही. चार वर्षांनी शाळेत बाई म्हणतात, याच्या लक्षात राहत नाही हो. बस, एवढंच. आणि इतकं शिसं चालेल, अशी हद्द बाळाच्या बाबतीत कुणी डॉक्टर सांगत नाही.

मैथिलीने आदल्या दुपारी घरी, अकरा महिन्यांची चिनी मांडीवर झोपलेली असताना एका हातानं पाच इंट्रो लिहिले होते. चार नटवून. पाचवा सरळ: ही पेटी वापरू नका.

"निनाद," ती म्हणाली, "माझा पाचवा इंट्रो किती वेळ चालला?"

त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "सरळवाला ना? सहा वाजून चार ते सहा वाजून सात. तीन हजार लोकांना दाखवला. त्यातले सव्वीसशे सात सेकंदांत बाहेर. मग उंबऱ्यानं काढून टाकला."

"बाहेर म्हणजे कुठं गेले?"

"ॲपच्या बाहेर."

"तेच विचारतेय. उठून कुठं गेले?"

निनाद हसला. "ते कसं कळणार मॅडम? कॅमेरा फोनला आहे, माणसाच्या मागं थोडाच जातो."

नऊ फोन. सगळे साडेसहाच्या आत. मैथिलीच्या हातातला पेढा बोटांना चिकटला.

आठ वर्षांपूर्वी ती इथंच शिकाऊ म्हणून लागली तेव्हा डेस्कवर शेडबाळे सर होते. हणमंत शेडबाळे. कपाळाला आठ्या, खिशाला चार पेनं. कुणी इंट्रो लिहिला की सर तो कॅन्टीनच्या रुकय्याभाभींना मोठ्यानं वाचून दाखवायचे. भाभी किटली घेऊन उभ्या राहून ऐकायच्या. 'अच्छा' म्हणाल्या की सर कागद फाडायचे. 'मग?' म्हणाल्या की ठेवायचे. एकदा मैथिलीने रेशनची बातमी लिहिली होती. आज पाचपर्यंत अंगठा दिला नाही तर पुढच्या महिन्यापासून धान्य बंद. सर वाचायला लागले आणि दुसरी ओळ संपायच्या आत भाभींनी किटली टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेल्या. कप रिकामे, सगळे बघत राहिलेले.

"चहा गेला," सर म्हणाले, "पण इंट्रो झाला."

आता सर नव्हते. भाभींच्या जागी बटण दाबलं की कप भरणारं यंत्र होतं, आणि त्याला काही वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता.

दीड वाजता ती चिनीला पाजायला घरी गेली. घर कचेरीपासून दहा मिनिटांवर, त्यामुळं तर ही नोकरी जमत होती. नवरा पवनचक्क्यांच्या कामावर जतकडे, आठवड्याने यायचा. चिनीचं सगळं सासूबाईंच्या जिवावर.

सासूबाई चिनीला खांद्यावर घेऊन दारातच उभ्या होत्या. "आली गं बाई तुझी आई. मघाधरनं दाराकडं बघून बघून मान दुखायली पोरीची." मग सुनेच्या हातात पोर देत म्हणाल्या, "तुझी बातमी वाचली. लई छान लिहिलंयस. डोळ्यात पाणीच आलं बघ."

मैथिली खाली बसली, चिनीला पदराखाली घेतलं. "काय होतं त्यात, आई?"

"गुटीचं की. माझी आई कशी उगाळायची, सहाणेवर, एकेक मुळीचा एकेक वेढा. अगदी तसंच. तुला कसं ठाऊक?"

"आणि शिशाचं?"

"कसलं शिसं?"

"शेवटपर्यंत वाचलीत ना?"

"बरंच वाचलं. मग शेजारची शकू आली, म्हटलं नंतर बघू."

मैथिलीने त्यांचा फोन घेतला. उघडलेली बातमी तशीच होती, वर तिचं नाव. 'दगडी सहाणेवर हळकुंडाचा एक वेढा, आईच्या दुधाचे चार थेंब, आणि मांडीवर टाळूला तेल थापलेलं बाळ...' हे तिचंच होतं. पण तिने लिहिलेल्या इंट्रोत तिसरं वाक्य 'पण'नं सुरू होत होतं. इथं तिसऱ्या वाक्यात आजी होती. चौथ्यात गुटी पाजायचं पितळेचं बोंडलं. पाचव्यात माहेर. 'पण' पार खाली, सहाव्या परिच्छेदात गेला होता. 'पण' आला की वाचकांची बुबुळं बारीक होतात, हे उंबऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, म्हणून त्यानं तो खाली खाली सारला होता. लाल पेटीचा फोटो त्याच्याही खाली.

उंबरा खोटं बोलायचा नाही. खरं कधी सांगायचं, एवढंच तो ठरवायचा.

"आई," ती म्हणाली, "ती लाल पेटीतली गुटी विषारी आहे. मायाळूची. कुणाच्या घरात असेल तर बाळाला द्यायची नाही."

तिचं वाक्य पुरं झालं तेव्हा सासूबाई खुर्चीत नव्हत्या. खुंटीवरची पिशवी काढून चपला शोधत होत्या.

"कुठं निघालात?"

"अक्षूच्या बारशाला मीच दिली की गं ती पेटी. बाजारातनं आणली. दिसायला बरी दिसली म्हणून." त्यांनी एक चप्पल पायात घातली. "चिनीला आपली जुन्या दुकानातली सुटी मुळं, आणि लेकीच्या पोराला दिखाऊ पेटी. हातानं दिली मी."

अक्षता म्हणजे मैथिलीची नणंद, कवठेमहांकाळला दिलेली. पाच महिन्यांचा मुलगा. बारशाला मैथिलीला सुट्टी मिळाली नव्हती. तिने एका हातानं चिनीला धरून दुसऱ्या हातानं फोन लावला.

"वैनी," अक्षता खुशीत होती. "तुझी बातमी वाचली सकाळी. माझ्या सगळ्या मैत्रिणींना पाठवली."

"अक्षू, गुटी देतेस बाळाला?"

"देते की. एरवी कंटाळा करायचे, खरं सांगू? पण आज तुझं वाचलं आणि असं भरून आलं. बसले सहाण घेऊन. हळकुंडाचे दोन वेढे जास्तच दिले. गाढ झोपलाय बघ."

मैथिलीला वाटलं, आपण फोनवर नाही, एका उंच जागेवर उभ्या आहोत आणि खाली बघायचं नाहीये. पण सांगायचं होतं. तिनं सांगितलं. एका दमात, काही न नटवता. पलीकडून फक्त बाळाला उचलल्याची, पाळण्याची साखळी वाजल्याची चाहूल आली.

"आई निघाल्यात. त्यांच्याबरोबर इकडं ये, सरकारी दवाखान्यात रक्त तपासतात. पेटी घेऊन ये."

"वैनी, सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," असं मैथिलीच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

शकूकडे चिनीला सोपवून ती तीनला परत कचेरीत आली. दोन लाख एकोणचाळीस हजार. त्यातल्या किती जणींनी आज सहाण काढली असेल? त्या विचारानं ती बसूच शकेना.

निनाद तिच्यासमोर बसून ऐकत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आपला फोन काढून बातमी उघडली. त्याचा इंट्रो हळदीच्या बाजारभावावर होता, सटासट, मजेदार. "मला तर हे आलं," तो ओशाळून म्हणाला. "मी आपला भाव वाचत बसलो."

"उंबरा बंद कर. या एका बातमीपुरता. सगळ्यांना एकच इंट्रो."

"करतो. पुढं काय होतं ते ऐका. सरळ इंट्रो लावला की लोकं सात सेकंदांत जाणार. धर पडणार. धर पडली की तोच उंबरा बातमी लोकांपुढं ठेवणं थांबवतो. हजार जणांपलीकडं जायची नाही ती. मी तो नियम बदलू शकत नाही मॅडम, तो पुण्याच्या मुख्य कचेरीतून येतो."

"म्हणजे जो इंट्रो काम करतो तो कुणाला दिसणारच नाही."

"काम करतो म्हणजे काय, त्यावर आहे."

"आणि संपादक?"

"विमानात. सातला उतरतील."

"सात वाजता गावोगावी बाळांना निजवायच्या आधी गुटी देतात, निनाद."

मैथिली उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. चारला तिची एक नेहमीची ड्युटी होती. नळाची सूचना सोडायची. उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही ते. पालिकांशी आणि ग्रामपंचायतींशी पेपरचा करार होता. ती सूचना उंबऱ्यातून जात नसे. मिरजेपासून जतपर्यंत ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये ॲप होतं त्याला ती जायची, सगळ्यांना एकच, तीन ओळी, आणि तिच्यासोबत भांड्यावर भांडं आपटल्यासारखा एक ठरलेला आवाज. दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या गावांत तो आवाज पोरांनाही पाठ होता. आवाज आला की माणूस हातातलं टाकून उठायचाच.

ती थांबली.

पावणेचारला ती आपल्या टेबलावर बसली. घरी सासूबाईंना जे बोलली होती तेच लिहायचं होतं. तरी हात सवयीनं 'सावधान' लिहून बसला, तो तिनं पुसला. मग 'ज्या मातांनी' लिहिलं, तेही पुसलं. कानाशी किटली ठेवल्याचा आवाज यावा म्हणून ती प्रत्येक ओळ पुटपुटत होती.

'लाल पेटीतली मायाळू बाळगुटी घरात असेल तर आत्ता बाजूला ठेवा, बाळाला देऊ नका. तिच्या हळकुंडावर शिसं सापडलं आहे. दिली असेल तर पेटी घेऊन बाळासह जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, रक्त तपासतात.'

"मॅडम," निनाद तिच्या खांद्यामागं येऊन उभा होता. "ही नळाची जागा आहे. पाण्याशिवाय काही सोडलं तर करार मोडतो. नोकरी जाईल तुमची. माझ्यासमोर केलंत तर माझीही."

"मग चहा घेऊन ये जा."

तो दोन पावलं गेला, थांबला, पुन्हा निघाला. यंत्रात कप भरायला लागला तेव्हा तिनं बटण दाबलं.

क्षणभरानं साऱ्या कचेरीतले फोन एकदम वाजले. खालच्या रसवंतीत वाजले, रिक्षा स्टँडवर वाजले. भांड्यावर भांडं. मग शांत. मैथिली पडद्याकडे बघत बसली. तिथं आकडे येत होते. उघडलं तीन लाख चार हजार. सरासरी थांबले तीन पूर्णांक आठ सेकंद. पडद्याचा तो कोपरा लाल झाला. इतकी कमी धर पेपरच्या कुठल्याही बातमीला कधी मिळाली नव्हती.

आणि डेस्कवरचा जुना काळा फोन, ज्याच्यावर कुणीतरी हेडफोन टांगून ठेवले होते, तो वाजला.

एकदा थांबला, पुन्हा वाजला. पलीकडच्या टेबलावरचा वाजला. निनाद दोन्ही हातांत कप घेऊन उभा होता. त्याला कुठला कप कुठं ठेवावा ते समजेना.

"उचल की," मैथिली म्हणाली.

त्यानं कप खिडकीत ठेवले आणि उचलला. "हॅलो, संगमकाठ. हो काकू, लालच. हो. नाही, आत्ताच थांबवा. उद्या नाही, आत्ताच." मग रिसीव्हरवर हात ठेवून तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "पुण्याहून मेसेज आलाय. उद्या डेस्कवर बसायचं नाही तुम्ही, आधी त्यांना भेटायचं."

"उद्या मला तसंही दवाखान्यात जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. बायका, आज्या, एकदोन बाप, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीतून डोकावणारी ती लाल पेटी. दाराशी नर्स नावं पुकारत होती आणि आतून टोचल्याचं रडू लाटेसारखं येत होतं.

अक्षता भिंतीशी बाकावर होती. शेजारी तिची पिशवी, मांडीवर बाळ. सासूबाई रांगेत केसपेपर धरून उभ्या. मैथिली चिनीला कडेवर घेऊन समोर जाऊन उभी राहिली. बाळाच्या हाताला आत्ताच रक्त काढल्याची चिकटपट्टी होती.

"रिपोर्ट?"

"दुपारी." अक्षतानं वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "काल सकाळचं ते सहाणेचं... ते पण तूच लिहिलं होतंस?"

त्याला उत्तर बरंच लांब देता आलं असतं. उंबरा, बुबुळं, खाली सारलेला 'पण'. मैथिलीनं ते सगळं मनातल्या मनात मांडून पाहिलं आणि खोडलं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

अक्षतानं मान हलवली आणि बाळाचं टोपडं नीट करत बसली. ते आधीच नीट होतं. चिनीनं हात पुढं करून त्याच्या पायाला धरायचा प्रयत्न केला, तेव्हा अक्षतानं तिला अडवलं नाही.

तेवढ्यात कुंभारी गावची एक बाई घाईघाईत आत आली. एका खांद्यावर नातू, एका हातात पेटी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं मैथिलीलाच विचारलं, "इथंच ना गं रक्त बघतात?"

"इथंच मावशी. तिकडं रांग."

"काल नळाचा आवाज आला म्हणून मी आपली घागर घेऊन उठले, तर हे भलतंच. नातवाला वाटीतली गुटी पाजायच्याच बेतात होते. ओतून दिली. वाडीवरनं गाडी नाही संध्याकाळची, म्हणून पहाटे निघाले." तिनं धाप टाकली. "तू वाचलंस का ते? मी पहिलंच एवढं वाचलं आणि फोन तसाच टाकला. पुढं काय काय लिहिलं होतं?"

"पुढं काही नव्हतं," मैथिली म्हणाली. "एवढंच होतं."

"हां, मग झालं," म्हणत बाई रांगेकडं गेली.

अक्षता तिच्या पाठमोऱ्या पायांतल्या दोन रंगांच्या चपलांकडं बघत राहिली. मग तिनं बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"बस वैनी," ती म्हणाली. "चिनीला घेऊन किती वेळ उभी राहशील."